लाटेची वीज : पावसाळ्यात पोचता येईल असे यंत्र

(रत्नागिरी येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ही व्याख्यानमाला एका विज्ञानशिक्षकांच्या स्मृतीसाठी चालते. म्हणून आजचा विषय मी इथल्या किनाऱ्यावरून डोळ्यांना दिसणारा निवडला : समुद्राच्या लाटांपासून वीज. या विषयावर दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. समुद्रात अमर्याद ऊर्जा आहे आणि ती आपण वाया घालवतो, हे एक. पन्नास वर्षे प्रयोग झाले, काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा हा नाद सोडावा, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कोणती लाट, कोणते यंत्र, कोणती जागा आणि कोणते काम, हे एकत्र मांडल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. आज मी तेवढेच करणार आहे.

आधी लाट समजून घेऊ. सूर्याच्या उष्णतेमुळे वारा वाहतो, आणि वारा शेकडो किलोमीटर पाण्यावर घासत गेला की आपली ऊर्जा पाण्याला देतो. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पण पाणी पुढे जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण जागच्या जागी गोल फिरतो. खाली जावे तसे हे गोल लहान होत जातात, आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर हालचाल जवळजवळ थांबते. म्हणजे ही सारी संपत्ती वरच्या थरात साठलेली असते, आणि ती फार थोडी झीज सोसत हजारो किलोमीटरचा प्रवास करते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिण महासागरातल्या वादळांची लाट येते. हिवाळ्यात इराणच्या आखातात शमाल वारे सुटतात, त्यांनी उठवलेली लाट वायव्येकडून कोकणापर्यंत पोचते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिचा माग काढला आहे. इथे वारा पडलेला असतानाही किनाऱ्यावर लाट का फुटते, याचे उत्तर यात आहे.

आता हिशेब. लाटेच्या उंचीचा मीटरमध्ये वर्ग करा, त्याला दोन लाटांमधल्या सेकंदांनी गुणा आणि निम्मे करा. लाटेच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे किती किलोवॉट शक्ती चालत येते, याचा बऱ्यापैकी अंदाज मिळतो. एक मीटर उंचीची आणि सहा सेकंदांची लाट असेल तर ३ किलोवॉट. दोन मीटर आणि आठ सेकंद असतील तर १६. वादळातली दहा मीटर उंचीची, चौदा सेकंदांची लाट आली तर ७००. या तीन आकड्यांत लाटेच्या विजेची सगळी आशा आहे आणि सगळी अडचणही आहे. यंत्राची कमाई १६ किलोवॉटच्या लाटेवर होते, पण त्याला जगायचे असते ७०० किलोवॉटच्या लाटेत. पोलाद, काँक्रीट, नांगर, साखळ्या या सगळ्यांचा खर्च त्या एका रात्रीसाठी करावा लागतो, आणि त्या रात्री यंत्र वीजही देत नाही.

दुसरी अडचण वेगाची. लाट प्रचंड जोराने पण सावकाश ढकलते आणि दर काही सेकंदांनी दिशा उलटवते. साधे जनित्र मिनिटाला हजार-दीड हजार फेरे मागते आणि तेही एकाच दिशेने. या दोघांची गाठ घालणे हेच लाट-अभियंत्याचे खरे काम. त्याने सुचवलेले उपाय अनेक आहेत. तरंगता गोळा वर-खाली होऊन पंप चालवतो. सांधे जोडलेली लांब नळी लाटेवर वळवळते आणि सांध्यांतले तेल दाबते. तळाला बिजागरीने बांधलेले फळकूट पुढे-मागे झुलते. उतारावरून चढलेले पाणी तळ्यात साठवून टर्बाइनवर सोडतात. आणि पाचवी रीत, जिच्याकडे मी आज वारंवार येणार आहे, ती पाणस्तंभाची. काँक्रीटची खोली बांधायची, तिचे तोंड पाण्याखाली उघडे ठेवायचे. लाट आली की खोलीतले पाणी चढते आणि वरची हवा एका नळीतून बाहेर फेकली जाते. लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. त्या नळीत टर्बाइन बसवायचे. इथे समुद्राचे पाणी फिरत्या भागाला स्पर्शही करत नाही, हा मोठा लाभ. हवेची दिशा उलटते त्याचे काय? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले प्राध्यापक ॲलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात अशी पाती तयार केली की हवा कोणत्याही बाजूने आली तरी चाक एकाच दिशेने फिरते.

कल्पना जुनी आहे. पॅरिसमधल्या जिरार पिता-पुत्रांनी १७९९ मध्येच लाटेवर झुलणाऱ्या जहाजाला तरफ बांधून पंप आणि करवती चालवण्याचे पेटंट घेतले होते. प्रत्यक्ष विक्रीचा पहिला माल मात्र जपानच्या योशिओ मासुदा यांनी दिला. लाटेच्या हवेवर आपला दिवा पेटवणारे दिशादर्शक बोये १९६५ पासून विकले जाऊ लागले. छोटे काम, पण अचूक निवडलेले, कारण समुद्रातल्या बोयापर्यंत दुसरी वीज नेणे महाग होते.

मग १९७३ चा तेलाचा भडका उडाला. एडिंबरा विद्यापीठाचे स्टीफन सॉल्टर यांनी १९७४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात लेख लिहून लाटेवर मान हलवणाऱ्या बदकासारख्या यंत्राची मांडणी केली. हौदातल्या प्रयोगात ते लाटेची बहुतेक ऊर्जा शोषून घेई. ब्रिटिश सरकारने कार्यक्रम आखला तो थेट दोन हजार मेगावॉटच्या केंद्रासाठी. बोयापासून एकदम महाकेंद्रापर्यंत उडी! १९८२ मध्ये तो कार्यक्रम गुंडाळला गेला.

त्यानंतरची यादी मी जड मनाने वाचतो. नॉर्वेत बर्गनजवळ तोफ्तेस्टालेन इथे कड्यावर उभारलेला पोलादी पाणस्तंभ १९८५ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर १९८८ च्या वादळाने उखडून नेला. स्कॉटलंडमध्ये डूनरेसमोर १९९५ च्या ऑगस्टमध्ये दोन मेगावॉटचे ऑस्प्रे यंत्र तळावर बसवणे चालू असतानाच लाटांनी फोडले. पेलामिस ही सांध्यांची लांब नळी २००४ मध्ये ऑर्कनी बेटांजवळ वीजजाळ्याला जोडली गेली. २००८ च्या सप्टेंबरमध्ये पोर्तुगालच्या अगुसादोरा इथे तिची तीन यंत्रे, मिळून सव्वादोन मेगावॉट, समुद्रात उतरली. बेअरिंगांत दोष निघाला, पैसा पुरवणारी कंपनी त्याच वर्षीच्या आर्थिक कोसळणीत बुडाली, आणि काही आठवड्यांतच यंत्रे बंदरात परत आली. २०१४ मध्ये पेलामिस कंपनीचे दिवाळे निघाले. या माणसांची बुद्धी कमी पडली नाही. पवनचक्कीला तीन पात्यांचा एक आकार सापडला, जगभरच्या कारखान्यांनी तोच आकार घोटला आणि किंमत उतरली. लाटेच्या यंत्राला असा एक सर्वमान्य आकार अजून सापडलेला नाही. प्रत्येक चमू पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि तो चमू मोडला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर विरून जाते.

या यादीत भारताचे पान आहे आणि ते अभिमानाचे आहे. ते आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासच्या आयआयटीत लाट-ऊर्जेचा गट उभा राहिला. केंद्राच्या महासागर विकास विभागाने पैसा दिला. जागा निवडली ती केरळात तिरुवनंतपुरमजवळचे विझिंजम, मच्छीमारांचे बंदर. तिथल्या बंधाऱ्याबाहेर सुमारे दहा मीटर खोल पाण्यात, बंधाऱ्यापासून अवघ्या ४५ मीटरवर सुमारे तीन हजार टनांची काँक्रीटची पेटी बसवायची ठरली. ती ओढून नेऊन डिसेंबर १९९० मध्ये तळावर टेकवली. वर दोन मीटर व्यासाचे वेल्स टर्बाइन चढले. ऑक्टोबर १९९१ मध्ये १५० किलोवॉट क्षमतेचे हे केंद्र सुरू झाले आणि केरळच्या वीजजाळ्याला जोडले गेले. जगात तेव्हा अशी केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

अपेक्षा होती ती एप्रिल ते नोव्हेंबर सरासरी ७५ किलोवॉट आणि डिसेंबर ते मार्च २५ किलोवॉटची. व्यवहारात अडचणी आल्या. लाट मंदावली की टर्बाइनचा वेग पडे आणि जनित्र उलट जाळ्यातूनच वीज ओढू लागे. हवा वेगाने आली की पाती आपली पकड सोडत. गटाने टर्बाइन बदलून पाहिली, जनित्र बदलून पाहिले. पुढे हे काम चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयओटीकडे गेले. तिथल्या अभियंत्यांनी २००४ च्या सुमारास एक शहाणी गोष्ट केली. या चढ-उताराच्या विजेवर त्यांनी समुद्राचे पाणी गोडे करणारा रिव्हर्स ऑस्मॉसिसचा संच चालवला, दिवसाला दहा हजार लिटर क्षमतेचा. वीज कमी-जास्त झाली तरी पाणी टाकीत साठते आणि टाकीतल्या पाण्याला ती वीज कोणत्या मिनिटाला आली याच्याशी देणे-घेणे नसते. लाटेच्या स्वभावाला शोभणारे काम आपल्याच देशात, आपल्याच माणसांनी शोधले होते.

आणि मग ते केंद्र थांबले. त्याच्या मागून दुसरे, सुधारलेले, मोठे केंद्र आले नाही. याचे मला आजही वाईट वाटते. आज त्याच विझिंजमला प्रचंड कंटेनर बंदर उभे आहे, सुमारे तीन किलोमीटरचा बंधारा लाटा अडवत आहे. १९९१ मध्ये एका पेटीने जे शिकवले, ते पेट्यांच्या ओळीने पुढे न्यायला याहून चांगली जागा कोणती होती?

हे शक्य आहे याचा पुरावा स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर आहे. मुत्रिकू या मासेमारी गावाला लाटांपासून संरक्षण हवे होते, म्हणून ४४० मीटर लांबीचा बंधारा बांधायचाच होता. त्यातल्या सुमारे शंभर मीटरमध्ये भरीव काँक्रीटऐवजी पोकळ खोल्या ठेवल्या. प्रत्येकी साडेअठरा किलोवॉटची १६ टर्बाइन बसवली, एकूण २९६ किलोवॉट. जुलै २०११ पासून हे केंद्र वीजजाळ्याला वीज देत आले आहे. बांधकामाच्या काळात वादळांनी तिथेही तडाखा दिला, दुरुस्त्या झाल्या. पण एक टर्बाइन बिघडले तर बाकीची चालतात, आणि दुरुस्तीवाला बंधाऱ्याच्या आतल्या जिन्याने यंत्रापर्यंत जातो.

श्रोतेहो, माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. कोकणच्या समुद्राचा स्वभाव युरोपच्या समुद्राहून वेगळा. स्कॉटलंड-आयर्लंडच्या पश्चिमेला लाटांची वार्षिक सरासरी मीटरमागे ५० किलोवॉटच्या पलीकडे जाते. भारताच्या किनाऱ्यावर ती साधारण ५ ते १५ असते, आणि कोकणात त्यातली बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येते. म्हणजे लाटेचा सुगीचा काळ नेमका तोच, ज्या काळात आपल्या होड्या ओढून किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, आणि जुना तांडेल तर नारळी पौर्णिमेआधी नौका लोटायचा नाही. आता विचार करा. दहा किलोमीटर आत तरंगणारे यंत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बिघडले. त्याच्याकडे कोण जाणार? ते ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तसेच राहील, आणि वर्षाची कमाई बुडेल. म्हणून आपल्या किनाऱ्यावर यंत्राची पहिली कसोटी कार्यक्षमतेची नाही. भर जुलैत दुरुस्तीवाला हत्यारांची पेटी घेऊन त्याच्यापर्यंत पायी जाऊ शकतो का, हा पहिला प्रश्न. विझिंजमच्या पेटीला बंधाऱ्यापासून पूल होता. मुत्रिकूला जिना आहे.

याला आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. उथळ पाण्यात येईपर्यंत लाट तळाशी घासून ऊर्जा गमावते, मग किनाऱ्याजवळ उरते काय? उरते ते कमी, हे खरे. पण सर्वांत मोठ्या लाटाही किनाऱ्याआधीच फुटतात, त्यामुळे वादळाचा मारही कमी होतो. वीज देणाऱ्या मध्यम लाटांचे नुकसान त्या मानाने थोडे असते. काही ऊर्जा सोडून आयुष्य मिळवणे हा सौदा मला परवडणारा वाटतो.

दुसरे तंत्र आहे तरंगत्या गोळ्याचे. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावला की थोड्या जोराने तो उंच जातो, तसे लाटेच्या तालाशी यंत्राचा ताल जुळवला की छोटा गोळाही बरीच ऊर्जा घेतो. आणि वादळात तो ताल मुद्दाम मोडायचा, म्हणजे यंत्र लाट अंगावर घेत नाही. स्वीडनच्या कॉरपॉवर कंपनीच्या यंत्राने २०२३ मध्ये त्याच अगुसादोरा इथे साडेअठरा मीटरच्या लाटा झेलून दाखवल्या. जिथे पेलामिस हरली तिथेच हे घडले, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे आयआयटी मद्रासने नोव्हेंबर २०२२ मध्ये तुतिकोरीनपासून सहा किलोमीटरवर सिंधुजा-१ हे तरंगते यंत्र उतरवले. मुंबईत इस्रायलच्या इको वेव्ह पॉवर कंपनीबरोबर भारत पेट्रोलियमने फेब्रुवारी २०२५ मध्ये १०० किलोवॉटच्या प्रायोगिक केंद्राचा करार केला. त्या कंपनीचे गोळे धक्क्याच्या भिंतीला तरफांनी जोडलेले असतात आणि वादळात पाण्याच्या वर उचलून धरता येतात. जनित्र जमिनीवर राहते. पायी पोचण्याच्या कसोटीला हे उतरते, म्हणून या प्रयोगाकडे महाराष्ट्राने बारकाईने पाहावे.

आता पैशाचा प्रश्न. सौर विजेचे लिलाव देशात युनिटला अडीच रुपयांच्या आसपास गेले आहेत. लाटेची वीज आज त्याच्या कित्येक पट महाग पडते. वीजजाळ्यात युनिटला युनिट तोलले तर ती हरणार, आणि आणखी काही वर्षे हरत राहणार. पावसाळ्यात सौर वीज मंदावते तेव्हा लाट जोर धरते, हा युक्तिवाद खरा आहे, पण त्या दिवसांत पवनचक्क्याही जोरात फिरतात आणि धरणेही भरतात, हे विसरून चालणार नाही. म्हणून देशात लाटेची ४१ हजार मेगावॉटची सैद्धांतिक क्षमता आहे, हा सरकारी कागदांतला आकडा मी तुमच्यासमोर स्वप्न म्हणून ठेवणार नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला, हे चांगले झाले. पण दर्जा म्हणजे यंत्र नव्हे.

त्याऐवजी एक लहान हिशेब करू. एखाद्या मासेमारी बंदराच्या बंधाऱ्याचा शंभर मीटरचा भाग पोकळ ठेवला. लाटांची वार्षिक सरासरी मीटरमागे फक्त ६ किलोवॉट धरली. सहाशे किलोवॉट चालत आले. त्यातला दहावा भागच वीज झाला असे समजू, म्हणजे सरासरी ६० किलोवॉट. वर्षाला सव्वापाच लाख युनिट. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणारी साडेतीनशे घरे त्यावर चालतील. किंवा हजार लिटर गोड्या पाण्याला पाच युनिट धरले, तर दिवसाला सरासरी सुमारे २ लाख ८८ हजार लिटर पाणी. किंवा ऑगस्टमध्ये बंदी उठते तेव्हा बंदराला लागणारा बर्फ, कारण तेव्हा लाटही जोरात असते. यात चमत्कार काही नाही. पण बंधारा तर आपण बांधणारच असतो. कोकणात गावोगावी धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी आहे, बंदरांना लाटरोधक भिंती लागतात, आणि डहाणूजवळ वाढवण बंदराच्या मंजूर आराखड्यातच दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध आहे. त्या बंदराबद्दल तिथल्या मच्छीमारांचे आक्षेप गंभीर आहेत आणि विजेचा मुलामा देऊन ते झाकले जाऊ नयेत. माझे म्हणणे एवढेच की जिथे भिंत बांधणे लोकांच्या संमतीने ठरले आहे, तिथे तिचा खर्च विजेच्या नावावर मांडायचा नसतो. वाढीव खर्च फक्त पोकळ खोल्यांचा आणि यंत्रांचा.

दुसरी जागा लक्षद्वीप. तिथली वीज मुख्यतः जहाजाने आणलेल्या डिझेलवर तयार होते. तिथे लाटेच्या विजेची स्पर्धा डिझेलशी आणि त्याच्या वाहतुकीशी आहे, राजस्थानातल्या सौर पट्ट्यांशी नाही. एनआयओटीने कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या थरांतल्या तापमानातल्या फरकावर दिवसाला एक लाख लिटर पाणी गोडे करणारा प्रकल्प उभा केला आणि नंतर इतर बेटांवरही नेला. सागरी तंत्र चिकाटीने चालवणे आपल्याला जमते, याचे हे उदाहरण आपल्या हाताशी आहे.

किनारा कोणाचा, हा प्रश्न शेवटी टाळता येत नाही. तरंगत्या यंत्रांचे नांगर आणि केबल जिथे पडतील तिथे जाळे टाकता येणार नाही. लाटेची ऊर्जा काढून घेतली तर तिच्या मागच्या पुळणीवर वाळू वेगळी बसेल, कुठे भर पडेल, कुठे धूप होईल. म्हणून यंत्र टाकण्याआधी किमान काही वर्षांची वाळूची आणि लाटांची नोंद हवी, आणि जागा ठरवताना मच्छीमार सोसायट्या टेबलाच्या याच बाजूला हव्यात. तळ कुठे खडकाळ, उधाणाला पाणी कुठे वळते, हे त्यांना ठाऊक असते.

माझी मागणी तीन कलमांची आहे. महाराष्ट्रात बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या लाटरोधक भिंतीच्या आराखड्यात पोकळ खोल्यांचा पर्याय तपासणे सक्तीचे करावे, आणि तो नाकारला तर कारण लेखी द्यावे. कोकणात एका ठिकाणी, शंभर-दोनशे किलोवॉटचेच, पण सलग वीस वर्षे चालवायच्या निर्धाराने एक केंद्र उभारावे. त्याचा निधी पाच वर्षांच्या प्रकल्पाच्या चौकटीत अडकू नये, त्यात इथल्या आयटीआयच्या आणि तंत्रनिकेतनाच्या मुलांना कायमची कामे मिळावीत. आणि त्या केंद्राची रोजची नोंद, बिघाडासकट, सर्वांना पाहता यावी. युरोपातल्या कंपन्या बुडाल्या तेव्हा त्यांच्या चुकांचा हिशेबही बुडाला. विझिंजमच्या अनुभवाची मोठी संपत्ती आपण आपल्या देशात कमावली होती. तिच्यावर पुढची मजल चढवायला तीस वर्षे उशीर झाला आहे. आज सभागृहात बसलेल्या मुलांपैकी कोणी त्या केंद्रावर पहिली पावसाळी पाळी करणार असेल, तर तिथवर जायचा पूल बांधून देणे हे आपल्या पिढीचे काम आहे. त्यासाठी आपल्या आमदारांना, बंदर खात्याला आणि विद्यापीठाला प्रश्न विचारायला उद्यापासून सुरुवात करा, एवढीच विनंती करून मी थांबतो.